थंडीत चालणारा फोन

“आता बघा हं, काकू,” असं म्हणून दुकानदारानं फोन डोक्याइतका उंच धरला आणि सरळ फरशीवर सोडून दिला.

“अगं बाई!” अक्कांच्या तोंडून निघून गेलं. फोन दणकन आपटला आणि एक उडी घेऊन स्टुलाखाली गेला. दुकानदारानं तो उचलला, बाहीला पुसला आणि त्यांच्यासमोर धरला. साधा ओरखडासुद्धा नव्हता. एवढ्यावर न थांबता त्यानं काउंटरखालून पाण्यानं भरलेली बादली ओढली आणि फोन तिच्यात बुडवला. तळाशी फोनचा दिवा निवांत लुकलुकत राहिला.

“पडू द्या, बुडू द्या, वरून गाडी जाऊ द्या, ह्याला ढिम्म काही होत नाही. आणि तुमची अडचण आहे थंडीची. तर हा फ्रीजरमध्ये ठेवला तरी चालू राहतो. बॅटरीच तशी आहे.”

“आणि तो?” अक्कांनी दुसऱ्या फोनकडे बोट केलं. काउंटरच्या कडेला साबणाच्या वडीएवढा, बटणांचा एक साधा फोन पडला होता.

“तो काय, फोन आहे,” दुकानदार म्हणाला. “कॉल येतो, जातो. त्याला मात्र आपटू नका.”

अक्का एकदा ह्या फोनकडे, एकदा त्या फोनकडे बघत राहिल्या. घरून निघताना सगळं सोपं वाटलं होतं. इथं आल्यावर डोक्याचा पार भुगा झाला होता. मोठा फोन हातात घेतला तर तो एखाद्या अवजारासारखा जड लागत होता. साधा घेतला तर हातात काही घेतल्यासारखंच वाटेना.

“धूड आहे नुसतं,” शेजारी उभे असलेले ड्रायव्हरसाहेब म्हणाले. हे अक्कांचे यजमान. आयुष्यभर बस चालवली, निवृत्त होऊन घरी बसले तरी गल्लीत नाव तेच राहिलं. “एका खिशात ठेवलंस तर त्या बाजूला कलशील. साधा घे आणि चल.”

मुलाचं म्हणणं नेमकं उलट होतं. तो नोकरीसाठी परगावी होता आणि सकाळपासून फोनवर फोन करत होता. “आई, मोठाच घे. किमतीकडे बघू नकोस, ते माझ्याकडे लागलं. जिवापेक्षा जास्त आहे का?”

जिवाची गोष्ट निघाली होती ती गेल्या आठवड्यातल्या प्रकारामुळे.

अक्का गावाबाहेरच्या शीतगृहात कामाला होत्या. गोठवलेले वाटाणे, मक्याचे दाणे, कसल्या कसल्या शेंगा, असा सगळा माल तिथं मोठमोठ्या खोल्यांत ठेवलेला असे. गाडी आली की कोणत्या मालाचे क्रेट पुढे आणायचे, हे बघण्याचं काम अक्कांचं. जाड कोट, कानटोपी, हातमोजे, गुडघ्यापर्यंतचे बूट अशा थाटात त्या आत शिरत आणि काम आटोपून लगेच बाहेर येत. त्या दुपारी त्या वाटाण्याचे क्रेट पुढे घेत असताना मागे दार लागलं. दाराला आतून ढकलायची एक दांडी होती. ती ढकलली की दार उघडायचं. त्या दिवशी दांडी हललीच नाही.

अक्कांनी हातानं ढकललं, खांद्यानं ढकललं, मग दाराकडे पाठ करून बुटानं लाथा घातल्या. हाका मारल्या. छताजवळचे पंखे एवढे घोंघावत होते की स्वतःची हाक स्वतःलाच परकी वाटत होती. कोटाच्या खिशातून फोन काढला. दाराजवळच्या कोपऱ्यात थोडी रेंज असायची. हातमोजा काढून त्या बटण दाबायला गेल्या तर पडदा उजळला आणि दुसऱ्याच क्षणी काळाठिक्कर पडला. सकाळीच तर चार्ज केला होता!

बसायचं नाही, एवढं त्यांना माहीत होतं. म्हणून त्या रॅकमधल्या वाटेनं फेऱ्या मारत राहिल्या. घाबरल्या होत्या, पण आतून एक खात्री होती. रोज चहाच्या सुट्टीत त्या घरी फोन करत. यजमानांना दुपारच्या गोळीची आठवण द्यावी लागे. आज तो फोन गेला नाही म्हणजे ते लावून बघतील. लागला नाही की ऑफिसात फोन करतील. मग कुणीतरी शोधायला येईल. आता येईल, एवढ्यात येईल, असं म्हणत त्या पाय आपटत चालत राहिल्या.

दार उघडलं ते एका ट्रकवाल्यानं. तो त्यांना शोधायला आला नव्हता. “अहो, माल देणार आहे का कुणी, का आम्ही इथंच मुक्काम करायचा?” असं ओरडत तो आत डोकावला आणि अक्कांचा चेहरा बघताच त्यानं त्यांना धरून बाहेर आणलं. अक्कांना बोलायचं होतं, पण जबडा हलत नव्हता.

त्या संध्याकाळी घरी बादलीभर गरम पाण्यात पाय सोडून त्यांनी ड्रायव्हरसाहेबांना सगळं सांगितलं. ऐकून ते म्हणाले, “तरीच! मी सारखा लावत होतो. लागतच नव्हता.”

त्या एका वाक्यानं अक्कांना जी ऊब आली ती गरम पाण्यानंही आली नव्हती. दुसऱ्या दिवशी कामावर ज्यानं ज्यानं विचारलं त्याला त्यांनी सांगितलं, “हे घरून सारखे लावत होते हो. फोनच मेला होता, त्याला कोण काय करणार!” मुलालाही तेच सांगितलं. मॅनेजरलाही. आणि बघता बघता सगळा दोष त्या फोनवर आला. मॅनेजर म्हणाला, “अक्का, जरा चांगला फोन ठेवा जवळ.” मुलगा म्हणाला, फोनच बदल. दाराचं नाव कुणी काढेना.

अक्कांना एकच गोष्ट कळत नव्हती. मेलेला फोन त्या रात्री गॅसच्या ओट्याशेजारी ठेवला होता, तर स्वयंपाक करता करता बटण दाबून बघितलं आणि तो सुरू झाला. मग तो मेला होता की झोपला होता?

“थंडीत बॅटरी गारठते, काकू,” दुकानदारानं आता समजावून सांगितलं. “ऊब मिळाली की पुन्हा उठते. तुम्ही वरच्या खिशात ठेवत असाल. अंगाशी ठेवला असता तर कदाचित टिकला असता.”

“मग साधा फोन अंगाशी ठेवला तरी चालेल?”

“चालेल. पण हा मोठा कुठंही ठेवला तरी चालेल.”

“मग कोणता घेऊ?”

“ते मी कसं सांगू?” दुकानदार हसला. एवढा वेळ तेच तर सांगत होता.

अक्का स्टुलावर बसल्या. विचारायचं बरंच होतं, पण प्रश्न काही नीट हाती लागेना. मग मनात आलं ते त्यांनी विचारलं. “मी काय म्हणते, फोन बंद असताना कुणी लावला, तर ते मोठ्या फोनवर नंतर कळतं का? म्हणजे कोण लावत होतं ते?”

“त्याला मोठा कशाला पाहिजे? कुठल्याही फोनवर कळतं. बंद असताना लावला की नंतर मेसेज येतो, अमक्या नंबरवरून फोन आला होता म्हणून.”

“माझ्यावर नसेल येत.”

“येतो की. आणा इकडे.” दुकानदारानं अक्कांचा जुना फोन घेतला, नंबर विचारून घेतला आणि फोन बंद केला. आपल्या फोनवरून तो नंबर लावला. ‘आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती’ वगैरे ऐकवलं. मग जुना फोन सुरू करून काउंटरवर ठेवला. तिघंही त्याच्याकडे बघत होते. थोड्या वेळानं फोन थरथरला. टुंग असा आवाज झाला. पडद्यावर दुकानदाराचा नंबर आला होता.

“बघा. आला की नाही?”

“आला,” अक्का म्हणाल्या.

त्या रात्री फोन ओट्याशेजारी उठला होता तेव्हा भाकऱ्या थापता थापता थांबून त्या त्याच्याकडे बघत होत्या. एकच टुंग झालं होतं. कुठल्याशा कपड्यांच्या सेलची जाहिरात होती.

त्यांनी मान वळवली. ड्रायव्हरसाहेबांनी मोठ्या फोनचं खोकं हातात घेतलं होतं आणि ते त्यावरचा मजकूर वाचत होते. चष्मा त्यांच्या खिशातच होता. चष्म्याशिवाय त्यांना एवढी बारीक अक्षरं दिसत नाहीत, हे अक्कांना ठाऊक होतं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

अक्कांनी पुन्हा जुन्या फोनकडे बघितलं. रागावं तर राग येईना, रडावं तर दुकानात कसं रडणार? आपल्याला नक्की काय होतंय हेच त्यांना कळेना. एवढंच जाणवत होतं की त्या थंड खोलीत ज्या गोष्टीच्या जोरावर फेऱ्या मारल्या, ती तिथं नव्हतीच.

“मग काकू, कोणता देऊ?”

“साधा मला द्या,” अक्का म्हणाल्या. “आणि मोठा ह्यांना.”

“काकांना? काका थंडीत काम करतात?”

“नाही. ह्यांचा लागत नाही.”

दुकानदाराला काही उमगलं नाही. त्यानं काकांकडे बघितलं. काकांनी खोकं छातीशी धरलं.

परतताना बसमध्ये दोघं शेजारी बसले होते. दुसरं कुणी बस चालवत असलं की ड्रायव्हरसाहेब एरवी त्याच्या चुका काढत. आज त्यांचं रस्त्याकडे लक्षच नव्हतं. घराचा थांबा जवळ आला तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “डोळा लागला होता माझा. उठलो तर तू आलीच होतीस.”

“गोळी?”

“राहिली.”

“रोज मी आठवण करते म्हणून घेता होय?”

ड्रायव्हरसाहेबांनी मान हलवली. ती ‘हो’ म्हणून हलवली की ‘नाही’ म्हणून, ते अक्कांना कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

मुलगा फोनवर वैतागला. “आई, उलटं केलंस तू! बाबांना कशाला?”

“असू दे,” अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या त्या थेट मॅनेजरसमोर उभ्या राहिल्या. दाराची दांडी दुरुस्त झाल्याशिवाय आत जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मॅनेजर बुचकळ्यात पडला. “फोन घेतलात ना?”

“घेतला.”

“मग आता काय?”

“दांडी,” अक्का म्हणाल्या आणि कोट न घालता बाकावर जाऊन बसल्या. गाड्या ताटकळल्या, ट्रकवाले कटकट करू लागले, मॅनेजर दोनदा येऊन डोळे वटारून गेला. अक्का हलल्या नाहीत. शेवटी मेकॅनिक आला. त्यानं दांडी काढली, तिच्यातला बर्फ फोडला, झिजलेला भाग बदलला. मग अक्का आत गेल्या, दार लावून घेतलं आणि आतून ढकललं. ते उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा ढकललं. आपली खात्री होईपर्यंत त्या दार उघडत, लावत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी त्या आत दाराजवळचे क्रेट नीट लावत होत्या. स्वेटरच्या आत, अंगाशी ठेवलेला फोन वाजला. अजून चहाची सुट्टी व्हायची होती. त्यांनी हातमोजा दातानं ओढून काढला.

“काय झालं?”

“काही नाही,” ड्रायव्हरसाहेब म्हणाले. “गोळी घेतली.”

“बरं झालं.”

“कुठं आहेस?”

“आत आहे.”

अक्कांना वाटलं, लाइन तुटली. कान नीट लावला तेव्हा त्यांच्या श्वासाचा आवाज आला.

“आत म्हणजे, काय असतं गं तिथं?”

अक्कांनी समोर पाहिलं. मुलगा शाळेत होता तेव्हापासून त्या ह्या खोल्यांत येत-जात होत्या. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. कुठून सांगायला सुरुवात करावी हेच त्यांना सुचेना.

“वाटाणे असतात,” त्या म्हणाल्या.

“आणि?”

बोटं बधिर व्हायला लागली होती. अक्कांनी कानटोपी सारून फोन नीट कानाशी धरला आणि सांगायला लागल्या. शब्दागणिक तोंडातून पांढरी वाफ निघत होती आणि हातमोजा दुसऱ्या हातात तसाच होता.