चौदा नंबरचं मिनिट

“मरण ही सबब नियमावलीत कुठंही बसत नाही,” असं हेडली सॉवर्बीनं ठणकावून सांगितलं आणि तो घडीच्या खुर्चीत बसला. त्याबरोबर खुर्चीचे मागचे दोन पाय माळाच्या काळ्या, पाणथळ मातीत सावकाश उतरले, आणि हॅगरबी सायकल क्लबचा गेल्या सत्तेचाळीस वर्षांचा सचिव गुडघे वर, तोंड आभाळाकडे अशा अवस्थेत स्थिरावला. स्टॉपवॉचचा हात तेवढा त्यानं उंच धरला होता. घड्याळाला धक्का लागला नाही.

ट्रेव्हर मेटकाफनं काखेत हात घालून त्याला उभं केलं आणि खुर्चीखाली एक चपटा दगड सारला. ट्रेव्हर गावातला खाटीक. शर्यतीच्या दिवशी त्याचं काम एकच, सुटणाऱ्या स्पर्धकाची सायकल बैठकीपाशी घट्ट धरून उभं राहायचं आणि ‘जा’ म्हटलं की सोडायची. अख्खा बैल तोलणाऱ्या हातांना हे काम तसं हलकंच होतं.

“पण नियम म्हणतो तरी काय, हेडलीकाका?”

“न येणाऱ्यानं पहिला स्पर्धक सुटायच्या आत लेखी कळवायचं. कळवलं तर निकालपत्रावर ‘कळवून गैरहजर’. नाहीतर ‘न कळवता गैरहजर’.”

“अहो, क्लिफर्डला आपण दोघांनी खांदा दिलाय. परवाच्या मंगळवारी.”

“तेव्हा मी सचिव म्हणून आलो नव्हतो.”

“मग समितीपुढं ठेवा.”

“समितीत तिघं. मी, तू आणि क्लिफर्ड रेन. क्लिफर्ड गैरहजर.”

“कळवून की न कळवता?”

हेडलीनं घड्याळाची काच बाहीला पुसली. ती आधीच स्वच्छ होती.

ठीक आठला पहिला स्पर्धक सुटला. मग दर मिनिटाला एक. या शर्यतीत शेजारी कुणी नसतं आणि पुढं कुणाच्या आडोशाला लपायचीही सोय नसते. हेदरच्या जांभळ्या झुडपांमधून गेलेला करडा रस्ता खाली ओढ्यापर्यंत उतरतो, पुन्हा चढतो आणि साडेबारा मैलांवरच्या दगडी क्रुसाला वळसा घालून परत येतो. बरोबर असतो तो फक्त यॉर्कशरचा वारा, आणि तो जाताना समोरून असतो नि येतानाही समोरूनच असतो, असं क्लिफर्डचं म्हणणं होतं.

तेरा नंबरच्या शाळामास्तरीणबाई सुटल्या. आता चौदाचं मिनिट.

न आलेल्याचं मिनिट दुसऱ्या कुणाला देत नाहीत. घड्याळ चालू राहतं, पुढचा स्पर्धक आपल्या वेळेची वाट बघतो, आणि वेळाधिकारी त्या मिनिटात नाक शिंकरतो किंवा पेन्सिलीला टोक काढतो. हेडली मात्र उभा राहिला.

“पाच,” तो म्हणाला. “चार. तीन.”

ट्रेव्हरनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग तो रस्त्याच्या मधोमध गेला आणि बैठक धरावी तसे दोन्ही हात पुढं करून, किंचित वाकून उभा राहिला.

“दोन. एक. जा.”

ट्रेव्हरनं हात सोडले. पंधरा नंबरच्या नळजोडणीवाल्यानं पायडलवर ठेवलेला पाय खाली घेतला आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिला. हेदरमध्ये कुठंतरी रानकोंबडी ओरडली.

या चौदा नंबराची एक गोष्ट क्लबात सगळ्यांना ठाऊक होती. सेहेचाळीस वर्षांपूर्वी, हेडली नव्यानंच या खुर्चीवर बसायला लागला होता तेव्हा, क्लिफर्डनं आयुष्यात एकदाच वाऱ्यासारखी सायकल हाकली. बघणारे म्हणायचे, क्लबात तसं कुणी आजवर आलेलं नाही. पण शेवटची रेघ ओलांडताना स्पर्धकानं आपला नंबर ओरडून सांगायचा असतो, आणि वेळाधिकाऱ्याला, म्हणजे हेडलीला, तो ऐकू आला नाही. निकालपत्रावर क्लिफर्डच्या नावापुढं वेळ लागली नाही. “वारा होता,” हेडली म्हणाला. “असेल,” क्लिफर्ड म्हणाला आणि चहा प्यायला गेला. पुढच्या वर्षी त्याचा गुडघा दुखावला आणि तो वेग पुन्हा कधी आला नाही.

त्यानंतर दर रविवारी ते दोघं चाकाला चाक लावून माळावर हिंडले. नंबर वाटायचं काम सचिवाचं. हेडलीनं क्लिफर्डला दर वर्षी चौदाच दिला. आणि दर वर्षी रेघ ओलांडताना क्लिफर्ड “चौदाऽऽ!” असा काही गरजायचा की दोन्ही बाजूंच्या हेदरमधून पाखरं उडायची. सगळे हसायचे. हेडलीही हसायचा, इतरांपेक्षा जरासा उशिरा.

सतरा नंबर सुटत होता तेव्हा नोरा रेन गावाकडून सायकलवरून वर आली. सायकल रस्त्याकडेच्या दगडी भिंतीला टेकवून ती बाजूला उभी राहिली. सुटण्याचं काम चालू असताना वेळाधिकाऱ्याशी बोलायचं नाही, हा नियम क्लिफर्डच्या बायकोला पाठ होता. या शर्यतींना तिनं चाळीस वर्षं सँडविचेस पुरवली होती. शेवटचा, बाविसावा स्पर्धक दृष्टीआड होईपर्यंत ती थांबली.

“आता बोलू?”

“बोल ना, नोरा.”

“त्यानं तुझ्यासाठी दिलं होतं. हॉस्पिटलातून. मी त्याच्या चष्म्याच्या घरात ठेवलं आणि विसरले. आज पहाटे चष्मा हातात घेतला तेव्हा सापडलं.”

हेडलीनं पाकीट उघडलं. चिठ्ठीवर तीन आठवड्यांपूर्वीची तारीख होती.

‘माननीय सचिव यांस. यंदा मी सुटू शकणार नाही, हे रीतसर कळवत आहे. डॉक्टर म्हणतो, मी तोवर राहणार नाही. पण त्याला सायकल येत नाही, तेव्हा खात्री देता येत नाही. माझं मिनिट कुणाला देऊ नये. क्लिफर्ड रेन.’

मजकूर एवढाच, बारीक अक्षरात, पानाच्या वरच्या कोपऱ्यात. उरलेलं सगळं पान एका आकड्यानं भरलं होतं. पेनानं पुन्हा पुन्हा गिरवून, या कडेपासून त्या कडेपर्यंत, चौदा.

कागद वाऱ्यानं फडफडत होता म्हणून हेडलीनं दुसराही हात लावला.

मग त्यानं निकालपत्राची फळी हातात घेतली आणि चौदाच्या ओळीत ‘कळवून’ असं लिहिलं.

“काका,” ट्रेव्हर हळूच म्हणाला, “माझं काही म्हणणं नाही. पण पहिला सुटून बावीस मिनिटं झालीत. तुमच्याच नियमानं...”

“मला ऐकू आलं,” हेडली म्हणाला.

“तसं नव्हे, मी म्हणत होतो की...”

“तेव्हाही आलं होतं.”

ट्रेव्हरनं एकदा नोराकडे आणि एकदा हेडलीकडे पाहिलं. “मी जरा रस्त्यावरच्या मेंढ्या हाकलून येतो,” तो म्हणाला आणि निघाला. रस्त्यावर एकही मेंढी नव्हती.

हेडली खुर्चीवर बसला नाही. तो रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघेकडे बघत बोलला.

“वारा नव्हताच त्या दिवशी. थर्मासचं टोपण घरंगळत हेदरमध्ये गेलं. मी ते शोधायला वाकलो. मागून चौदा ऐकलं, स्पष्ट. वळेपर्यंत तो पार झाला होता. घड्याळ दाबायचं राहून गेलं, नोरा. आणि दुसऱ्या वर्षालाच लोकांना कसं सांगायचं, म्हणून... वारा म्हटलं.”

“ठाऊक आहे.”

“तुला?”

“त्याला दिसलं होतं. पंचवीस मैल मान खाली घालून आला, रेघेपाशी डोकं वर केलं, आणि समोर काय, तर तुझं ढुंगण. घरी येऊन पोट धरून हसला.”

“हसला?”

“त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात सायकल पुसत बसला. संध्याकाळपर्यंत. मी जेवायला हाक मारली तरी उठेना.”

हेडलीनं मान हलवली.

“मग मला कधी बोलला का नाही?”

“मी सांगितलं होतं त्याला, जा आणि बोल. म्हणाला, बोललो तर हेडली खुर्ची सोडेल. खुर्ची सोडली की तोंड दाखवणार नाही. मग मी रविवारी जायचं कुणाबरोबर?”

दूरवर, चढाच्या माथ्यावर ट्रेव्हर पाठमोरा उभा होता आणि नसलेल्या मेंढ्यांना हातवारे करत होता. पहिला स्पर्धक परतायला अजून अर्धा तास तरी होता. हेडलीनं चिठ्ठीची नीट घडी घातली, निकालपत्राला लावायच्या टाचणीपाशी नेली आणि मग कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. त्यानं नाक पुसलं.

नोरा दगडी भिंतीवर बसली आणि तिनं हातमोजे काढले.

“थर्मास आणलायस ना?” ती म्हणाली. “घोटभर चहा दे. टोपण मात्र मी धरते.”