होकार देण्याआधी

मी राउटर बोलतोय. मोठ्या रुग्णालयाच्या जिन्याखाली, लोखंडी कपाटात माझा मुक्काम. इथून बाहेर जाणारा प्रत्येक फोन, एक्स-रे, व्हिडिओ माझ्याच हातून जातो.

सुरुवातीला मी सगळ्यांनाच आत घ्यायचो. गर्दी झाली की सगळ्यांचीच चित्रं अडखळायची. मग नेटवर्क सांभाळणाऱ्या मॅडमनी मला शिस्त लावली. "ज्याला शब्द देशील, त्याला शेवटपर्यंत सांभाळ. जागा नसेल तर दारातच नाही म्हण."

"वाटेतल्या सगळ्या राउटरना हे शिकवायचं?" त्यांच्या सहकाऱ्याने विचारलं.

"छे! हिशोब फक्त दारावर. हा खूण करून पाठवेल, पुढचे नुसती खूण बघून वाट देतील. उद्या कितीही दवाखाने जोडले, तरी त्यांच्या डोक्याला ताप नाही."

एका दुपारी लांबच्या छोट्या दवाखान्यातून कॉल आला. बाळंतीण अडली होती, तिथली डॉक्टर एकटी होती. आमच्या सर्जनबाई पडद्यावरून तिला एकेक टाका सांगणार होत्या. मी जागा बघितली, शब्द दिला. त्याबरोबर शब्द देण्यासाठी राखलेली माझी हमीची जागा संपली.

तेवढ्यात संचालकांची व्हिडिओ मीटिंग दारात आली. मी नाही म्हटलं. हमीशिवाय, जमेल तसं जा, एवढीच सवलत दिली. साहेबांचा चेहरा सगळ्या शाखांच्या पडद्यांवर अर्ध्या जांभईत गोठला.

ते तडक जिन्याखाली आले. मॅडम माझ्या कपाटापाशीच होत्या. "तो दुसरा कॉल जरा दाबा की!"

"नाही दाबता येणार, साहेब. त्याला शब्द दिलाय," मॅडम म्हणाल्या.

"मी संचालक आहे इथला!"

"हो. आणि तिकडे एका बाईचं पोट उघडलंय."

साहेब वर जाऊन सर्जनबाईंच्या मागे उभे राहिले. "घाई नको, पोरी... हां, आता उचल," सर्जनबाई तिकडच्या डॉक्टरला सांगत होत्या. शब्द न् शब्द मी धड पोचवला. मग बाळाचं रडणं आलं, कुठेही न तुटता. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

जाताना मॅडमना म्हणाले, "पुढच्या वेळी मी आलो ना, तर मलाही दारातूनच परत पाठवा."

आता माझा पंखा घरघरतो. शेजारी खोक्यात माझ्या जागी येणारा नवा बसलाय. मॅडमनी माझे नियम त्याच्यात उतरवलेत. माझ्याकडून एवढंच सांगणं: बाबा रे, जागा नीट बघून होकार दे. एकदा दिलास, की मग कोणीही जिना उतरून येवो, हलू नकोस.