ताणावरची बाग

“वहिनी, झाडं मारून राहिल्या का तुम्ही?” गुणवंताभाऊजी, माझे धाकटे दीर, बांधावरूनच म्हणाले.

“ताण देऊन राहिली,” मी म्हटलं. “तुमचे दादा दरसाल देत होते, तवा नाही विचारलं.”

आंबिया बहार धरायचा तर थंडीत संत्र्याचं पाणी तोडावं लागतं. झाड वाढायचं थांबतं, पानं मलूल करतं, निम्मी गाळून टाकतं आणि उरलेलं बळ राखून बसतं. मग पाणी सोडलं की फुलांनी भरून येतं. ताण कमी पडला तर नुसता पाला, जास्त झाला तर सरपण. आमचे हे उन्हाळ्यात वारले. त्यांच्यामागे ताण देण्याची माझी ही पहिलीच खेप.

“बहार नाही आला तं बाग मक्त्यानं देऊन टाकू,” भाऊजी म्हणाले. “आता नागपूर गेलं मुंबई राज्यात, आपण राहिलो मध्य प्रदेशात. हद्दीपार माल न्याले बाईमाणसानं कोठं कोठं भांडाचं?”

“भांडीन. आन् बहार नाही आला तं देजा बाग,” मी म्हणून गेले. माझी जीभ अशीच. आधी बोलते, मग विचार करते. त्या दिवसापासून रोज सकाळी मी पानं चुरगाळून बघू लागले आणि मनातून पार घाबरून गेले.

एका दुपारी सौंसरच्या बाजारातून परतले, तर विहिरीजवळच्या ओळीतली आळी ओली. अंबाबाई, माझ्या सासूबाई, पितळेच्या गुंडानं, घागरीसारख्या भांड्यानं, पाणी ओतत होत्या. त्या झाडांना कोवळी पालवी फुटली होती, म्हणजे हे बरेच दिवस चाललेलं.

माझं डोकंच फिरलं. “आत्याबाई, हातची बाग घालवता काय माह्या?” मी गुंड ओढला.

त्यांनी सोडला नाही. “यशवंत पाणी मांगत होता, कला,” त्या म्हणाल्या. “दवाखान्यात. पोट फाडलं होतं त्याचं, डाक्टरनं नाही म्हटलं. म्या ओठ बी ओले नाही केले पोराचे. आता हे झाडं तसेच उभे हायेत. मले पाहवत नाही.”

मी हात काढून घेतला. नवऱ्यासाठी मी चारचौघांत रडून घेतलं होतं. म्हातारीच्या पोटात हे आहे, याचा मला पत्ताच नव्हता. फार वाईट वाटलं.

“ही ओळ तुमची,” मी म्हटलं. “पोटभर पाजा. पण बाकीच्याले नाही. तेवढं ऐका माहं.”

“बाकीचे मेले तं?”

“नाही मरत.” खरं तर मला तरी कुठे खात्री होती?

संक्रांत झाल्यावर मोट जोडून पाणी सोडलं. काही दिवसांनी बाग अशी फुलली की वास सडकेपर्यंत जाई. विहिरीजवळची ओळ तेवढी हिरवीगार, बिनफुलांची. भाऊजी सगळी बाग फिरले. त्या ओळीपाशी थांबले, नुसत्या पाल्याकडे पाहिलं, गुंड घेऊन उभ्या आईकडे पाहिलं. मग मोटेवर गेले आणि बैल हाकू लागले. मक्त्याचा विषय तिथेच संपला.

आत्याबाई पहिल्यांदाच फुललेल्या झाडांत आल्या. एक फांदी खाली ओढून बघितली.

“या झाडायले इतके दिवस पाणी नव्हतं?”

“नव्हतं.”

“तरी जगले.”

“हो.”

त्या तिथेच बसल्या. “मंग माह्या पोरानं काऊन नाही दम धरला, कला?”

मी त्यांच्याजवळ बसले. मोटेचं पाणी पाटानं आळ्यापर्यंत आलं, आमचे पाय भिजले, तरी त्या उठल्या नाहीत.