हातमोज्यांशिवाय नाही

हॉस्पिटलच्या लाँड्रीत तिला सगळे तोफ म्हणायचे. यंत्रांच्या घरघरीवरून तिचा आवाज पार पलीकडच्या टोकाला पोचायचा, आणि एकदा का तिचं तोंड सुटलं की मुकादमही काढता पाय घ्यायचा. वॉर्डांतून आलेली मळक्या चादरींची गाठोडी सोडायची आणि रक्तानं माखलेल्या चादरी वेगळ्या काढायच्या, हे तिचं काम.

अशाच एका चादरीच्या घडीतली वापरलेली सुई तिच्या अंगठ्यात घुसली.

"साबणानं धू आणि पट्टी लाव," मुकादम म्हणाला. "एवढ्यातेवढ्याला डॉक्टरकडे पळायला लागलात तर चादरी काय मी धुऊ?"

गाठोडी तुंबलेली होती. तिनं पट्टी लावली आणि ती विसरूनही गेली.

दोन-तीन महिन्यांनी अंगातलं बळच गेलं. सांधे ठणकायला लागले. जेवणाच्या वासानं पोटात ढवळायचं, चहासाठी जीव टाकणारी बाई कपाकडे बघेना. लघवी काळपट व्हायला लागली. एका सकाळी नवरा म्हणाला, "अगं, डोळे पिवळे झालेत तुझे."

"रात्रभर तुमचं घोरणं ऐकून दुसरं काय होणार?" ती म्हणाली. पण आरशापुढे गेली आणि तशीच तपासणीला निघाली.

रक्त तपासल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "हिपॅटायटिस बी. मधल्या काळात कुठे सुई टोचली होती का?"

तिनं अंगठा पुढे केला.

"त्याच दिवशी आला असता तर इंजेक्शन आणि लस देऊन बहुतेक अडवता आलं असतं." डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट तिच्यापुढे सरकवला. "आता ऐका. मोठ्या माणसांचं शरीर बहुतेक वेळा हा विषाणू स्वतःच हाकलून लावतं. थोड्यांच्या अंगात तो कायमचा राहतो. आणि फारच थोड्यांचं यकृत एकाएकी कोसळतं. बरळायला लागलात, झोपेतून उठवेना, कुठून रक्त यायला लागलं, तर तसंच इकडे या. झाडपाला नको, दारूचा थेंब नको. हे रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतं; घरच्यांची तपासणी करून त्यांना लस द्या."

घरी जावेनं तिची ताट-वाटी वेगळी काढून मोरीजवळ ठेवली होती. तोफेला उभं राहवत नव्हतं, तरी ती भिंत धरून गेली, ते ताट उचललं आणि सगळ्यांच्या मधोमध येऊन बसली.

"हे रक्तातून पसरतं, ताटातून नाही. माझं ब्लेड, माझा दातांचा ब्रश वेगळा ठेव. मला वेगळी ठेवायची नाही."

जाऊ खाली बघत म्हणाली, "लेकरं आहेत हो घरात."

"म्हणून तर आधी सगळ्यांना लस टोचून आणू." सासूबाईंनी आपलं ताट तिच्या ताटाला भिडवलं. "मला पहिली न्या. या वयात नवीन काहीतरी होऊ दे."

मधे तब्येत बिघडली. रक्त लवकर गोठेना, तिला दाखल करून घ्यावं लागलं. तिथे मुकादम भेटायला आला आणि कॉटजवळ वाकून हळूच म्हणाला, "सुईचं कशाला बोलतेस? बाहेर कुठून आलं असेल. बायामाणसांचं... कोण कुठे जातं, काय सांगावं?"

नवरा ताडकन उठला. तिनं त्याचा हात धरला. आवाज खोल गेला होता, पण अख्ख्या वॉर्डानं ऐकलं.

"मी कुठे जाते ते सांगते. रोज तुझ्या लाँड्रीत जाते. आणि परत येणार आहे. तयारीत राहा."

मुकादमाला दरवाजा सापडेना.

हळूहळू भूक परतली, डोळे निवळले. सहा महिन्यांच्या तपासणीत विषाणूचा मागमूस नव्हता. उलट त्याच्याशी लढणारी ताकद रक्तात तयार झाली होती. "आता हा आजार तुम्हाला पुन्हा होणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मला नाही होणार. बाकीच्यांचं काय?"

कामावर परतल्याच्या पहिल्याच दिवशी ती गाठोड्यांपुढे हाताची घडी घालून उभी राहिली. "जाड हातमोजे, प्रत्येक वॉर्डात वापरलेल्या सुया टाकायला डबा आणि सगळ्यांना लस. तोवर हात लावणार नाही."

"घरी जा मग," मुकादम ओरडला.

तिच्या शेजारी इस्त्रीवाली येऊन उभी राहिली. मग घड्या घालणाऱ्या दोघी. यंत्रं एकेक करून बंद झाली. दुपारी वॉर्डांत चादरी संपल्या आणि मोठे साहेब स्वतः जिना उतरून खाली आले. संध्याकाळी हातमोजे आले, आठवड्यात डबे आले, लसही सुरू झाली. बाही वर करताना मुकादमानं डोळे मिटून घेतले, ते सगळ्यांनी पाहिलं.

लसीआधीच्या तपासणीत एकच अडकली: इस्त्रीवाली. विषाणू तिच्या अंगात कित्येक वर्षं मुक्कामाला होता, तिला पत्ताच नव्हता. ती बाकावर बसली. "मी बोलले नाही कधी गं. सुया तर मलाही टोचल्यात."

"यालाही औषधं आहेत. लक्ष ठेवलं की माणसं म्हातारी होतात यात," तोफ म्हणाली. "ऊठ. आपण डॉक्टरकडे जातोय."

"कामाच्या वेळात?" मुकादम दारातून म्हणाला.

"हो," ती म्हणाली, आणि इस्त्रीवालीच्या खांद्यावर हात टाकून त्याच्या अंगावरूनच बाहेर पडली.