न धुतलेली बाटली

मित्रांनो, माझ्या डोक्यावर ही जी गढूळ पाण्याची बाटली दिसते ना, तिला हात लावू नका. मी एक जुने यंत्र आहे. उरुग्वेतल्या एका लहान गावच्या प्रयोगशाळेत, खिडकीपाशी, चादर पांघरून बसलो आहे. एकेकाळी मी पाण्यातला साबण ओळखत असे.

हसू नका. सगळाच साबण फेसावरून कळत नाही. लोकर धुण्याच्या गिरणीत एक साबण वापरतात. त्याच्यावर विजेचा भार नसतो. ओढ्यात उतरला की डोळ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही, पण मासे मात्र तडफडतात. माझ्या पोटात एक भट्टी आहे आणि तिच्यात केसासारखी बारीक, लांबलचक नळी गुंडाळलेली आहे. पाण्यातून काढलेल्या अर्काची तिथे वाफ होते, हेलियम वायू ती पुढे ढकलतो आणि एकेक पदार्थ वेगळा होऊन बाहेर पडतो. मग मी त्याचे तुकडे करतो, तुकड्यांचे वजन करतो आणि नाव सांगतो. हा साबण सहजासहजी वाफ होणारा नाही. म्हणून इर्माबाई आधी त्याला दुसरे रसायन जोडून उडण्याजोगा करून घेत.

इर्मा एचेवेरी या इथल्या रसायनतज्ज्ञ. खोक्यातून मला बाहेर काढले ते त्यांनीच. रोज सकाळी काखेत थर्मास, हातात 'माते' या कडवट चहाचा पोकळ भोपळा अशा थाटात त्या येत आणि आधी माझ्या पंपावर हात ठेवून विचारत, "काय म्हातारबा, श्वास चालू आहे ना?" तेव्हा मी कोरा करकरीत होतो, तरी म्हातारबाच. माझ्या आतली हवा उपसणारा हा पंप कधी थांबता कामा नये, म्हणून त्या रविवारीही डोकावून जात. मोठमोठी माणसे माझ्याशेजारी उभी राहून फोटो काढून गेली. मीही तेव्हा जरा फुगलो होतो.

गिरणीच्या खालच्या अंगाला झुल्मा आणि ओविदिओ हे जोडपे राहत असे. तो ओढ्यात तारारिरा मासे धरी, ती तळून रस्त्याकडेला विके. एका वसंतात मेंढ्यांची लोकर कातरून झाली, गिरणी सुरू झाली आणि मासे पोट वर करून तरंगू लागले. साबण गिरणीचाच आहे असे सिद्ध झाले, तर नगरपालिका तिचे गटार बंद करणार होती. नाही झाले, तर या दोघांना गाव सोडावे लागणार होते. इर्माबाईंनी झुल्माला सांगितले की ओढ्याचे पाणी गिरणीच्या वरच्या अंगाने एक बाटली आणा, खालून एक आणा, काचेची असली म्हणजे झाले. वरचे पाणी स्वच्छ निघाले की निकाल लागला.

दोन्ही बाटल्यांत तोच साबण निघाला, तोही भरपूर. मी खोटे बोलत नाही. जे होते ते सांगितले.

इर्माबाईंनी दोन्ही निकाल पुन्हा ताडून पाहिले. मग त्यांनी झुल्माला बोलावून घेतले.

"झुल्माबाई, बाटल्या धुतल्या होत्यात का हो?"

"धुतल्या म्हणजे? लख्ख घासल्या! गिरणीतली पोरं डब्यातून घरी साबण आणतात ना, त्यानंच. अख्खं गाव त्यानंच भांडी घासतं. तुझ्यासारख्या शिकलेल्या पोरीच्या हातात कळकट बाटली देऊ होय मी?"

धुवू नका, एवढे सांगायचे इर्माबाई विसरल्या होत्या. त्यांनी झुल्माचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "बरं केलंत."

दुसऱ्यांदा पाणी आणले तोवर हंगाम संपून गिरणी बंद झाली होती आणि ओढा निवळला होता. वरच्या पाण्यातही साबण आहे, मग आमचा काय दोष, असे गिरणीचा वकील म्हणाला आणि नगरपालिकेने प्रकरण मिटवले. झुल्मा आणि ओविदिओ राजधानीत गेले. ओढ्याचा तो माणूस तिथे रस्त्यावर लोकांच्या मोटारी राखतो, हे ऐकून मला फार वाईट वाटले.

पुढे इर्माबाई निवृत्त होऊन लेकीकडे गेल्या. हेलियम संपला, तो कोणी मागवला नाही. एका शुक्रवारी नव्या साहेबांनी विजेची बचत म्हणून माझा पंप बंद केला. माझ्या आत हवा शिरली.

यंदा कातरणीच्या दिवसांत झुल्मा आली. केस पांढरे झालेले, हातात ही बाटली. गिरणीच्या खालून पाणी भरून तशीच आली होती. यंत्र बंद आहे, असे शिपायाने सांगितले.

"मग त्याच्या डोक्यावर ठेव," ती म्हणाली. "आणि इर्मा भेटली तर तिला सांग, या खेपेला मी धुतली नाही. तेव्हा ती बोलली नाही, पण मला मागनं कळलं."

मित्रांनो, मला पुसू नका, माझ्यावर फुले ठेवू नका. हेलियमची एक टाकी आणा आणि पंप सुरू करा. पण लवकर करा. बाटलीतला साबण दिवसागणिक विरतो आहे आणि झुल्माचा निरोप अजून कोणी इर्माबाईंना दिलेला नाही.