बिननावाचा वाडगा

लिफ्टचा दोर सहसा तुटत नाही. लोकांना वाटतं तुटतो. ऑरिन हास्केलने एकतीस वर्षं शिकागोतल्या लिफ्ट तपासल्या, त्याच्यासमोर एकही तुटला नाही.

*

दुधाचा खोका आणला तेव्हा जानेवारीची एकोणीस तारीख होती. उघडला तेव्हा अठ्ठावीस.

*

मातीचा गोळा कुंभाराच्या चाकाच्या मध्यापासून केसभर सरकला, तर काठापर्यंत चढता चढता बोटभर सरकतो.

*

“शुक्रवारी जागा आहे. पण तो जोडप्यांचा वर्ग, सोबत वाइन असते. तुम्ही दोघं याल ना?”

*

दूध उघडायला नऊ दिवस लागले, कारण ऑरिन तापाने पडून होता. त्या नऊ दिवसांत फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा औषधांच्या दुकानातून. बोलणारं माणूस नव्हतं, यंत्र होतं: तुमच्या गोळ्या तयार आहेत, घेऊन जा. दहाव्या दिवशी दाढी करताना त्याने हिशोब मांडला. आपण उठलोच नसतो, तर सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात आलं असतं? त्या यंत्राच्या. आणि तेही दोन फोन करून गप्प बसलं असतं.

त्याला मित्र नको होते. त्रेसष्टाव्या वर्षी नवे मित्र जोडणं म्हणजे नवे दात येण्याची वाट बघणं. त्याला एवढंच हवं होतं, की आठवड्यातून एकदा अशी एखादी जागा असावी, जिथे तो गेला नाही तर कुणीतरी मान वर करून म्हणेल, आज ऑरिन आला नाही वाटतं.

वाचनालयाच्या फलकावर एक चिठ्ठी होती. मातीकाम शिका, म्हणे. त्याने तिथल्या बाईंना विचारलं, यात दर आठवड्याला जावं लागतं का. त्या म्हणाल्या, जावंच लागतं, नाहीतर केलेलं वाळून दगड होतं. ऑरिनला हे पटलं. जिथे दर आठवड्याला जावंच लागतं, तिथे न जाणं कुणालातरी दिसणार.

मग शोध सुरू झाला. एवढं मोठं शहर, पण नवख्या माणसाला मातीला हात लावू देईल अशी जागा मिळता मिळेना. लिंकन स्क्वेअरला जोडप्यांचा वर्ग. आणखी उत्तरेला सात महिन्यांची प्रतीक्षायादी. एका ठिकाणी ‘अगदी नवशिक्यांसाठी’ लिहिलेलं होतं आणि खाली बारीक अक्षरांत: आधी दोन वर्ग केलेले असावेत. एका ठिकाणी सहा ते दहा वयाची अट होती, ते त्याला फोनवर तिसऱ्या वाक्यात कळलं, आणि पलीकडची मुलगी इतकी हसली की त्यालाही हसू आलं. त्या महिन्यातलं त्याचं सगळ्यात लांब बोलणं तेच.

शेवटी ब्रिजपोर्टमध्ये, टायरच्या दुकानामागे. फोन मारिसेला किरोझ नावाच्या बाईने उचलला. त्याने आधीच सांगून टाकलं की आपल्याला काही येत नाही, वय झालंय, एकटाच आहे.

“हात किती आहेत?” तिने विचारलं.

“दोन.”

“मग मंगळवारी सहाला या. जुने कपडे घाला.”

आठ आठवड्यांचा वर्ग, बारा चाकं. पहिल्याच दिवशी मारिसेलाने नियम सांगितले. माती बेसिनमध्ये ओतायची नाही. घरी जाताना आपलं ओलं भांडं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ओल्या भांड्यांच्या कपाटात ठेवायचं, म्हणजे पुढच्या मंगळवारी ते चामड्याइतकं मऊ राहतं आणि त्याचा तळ तासता येतो. आणि तळावर आपल्या नावाची अक्षरं कोरायची.

शेवटचं ऑरिनने ऐकलं, पण केलं नाही. मुद्दाम नाही. बावीस वर्षं त्याच्या एकट्याच्या घरात कप होता तो त्याचाच, टॉवेल होता तो त्याचाच. वस्तूवर नाव घालायचं असतं हे हाताला माहीतच नव्हतं.

त्याच्या शेजारच्या चाकावर डेसा व्हिटलॉक बसायची. टपालाच्या वर्गवारी केंद्रात कामाला, पन्नाशीची, जीभ चालू. ऑरिनचा गोळा चाकावर डुलायला लागला की ती म्हणायची, “इन्स्पेक्टरसाहेब, लिफ्ट वाकडी चाललीय.” तिसऱ्या मंगळवारी ती आली नाही. ऑरिनने तिच्या रिकाम्या स्टुलाकडे तीन-चार वेळा पाहिलं. चौथ्या मंगळवारी ती आली, तेव्हा त्याने विचारलं नाही. कुठे होतीस म्हणून विचारणं त्याला बरं दिसेना. उगाच कुणाच्या घरात डोकावल्यासारखं.

त्याच चौथ्या मंगळवारी त्याचा पहिला वाडगा उभा राहिला. जरा कलता, पण वाडगा.

पाचव्या मंगळवारी तो गेला नाही.

तब्येत बरी होती. बस वेळेवर होती. दाराजवळ जुने बूट घालून तो उभा राहिला आणि मग बूट काढून स्वयंपाकघरात बसला. फोन टेबलावर उताणा ठेवला. वाडगा आज तासायचा होता, आज राहिला तर वाळून जाईल, हे त्याला ठाऊक होतं. सहा वाजले. डब्यातलं राजम्याचं चिली गरम केलं. साडेसहा. वर्गाच्या भिंतीवर सगळ्यांचे नंबर लावलेले होते, त्याचाही. सात चाळीसला फोन वाजला आणि त्याने पहिल्याच घंटेला उचलला. गाडीच्या विम्यासाठी एक यंत्र बोलत होतं. ऑरिनकडे गाडी नव्हती. तरी त्याने ते शेवटपर्यंत ऐकलं.

नऊला वर्ग सुटतो. सव्वानऊला त्याने दिवा मालवला.

सहाव्या मंगळवारी तो पाच चाळीसलाच पोहोचला. खरं तर वर्गातून नाव काढून टाकायला गेला होता. वाळका वाडगा जुनी माती भिजवायच्या बादलीत टाकायचा आणि निघायचं. ओल्या कपाटात हात घातला तर वाडगा जागेवर होता, पण प्लास्टिक त्याचं नव्हतं. किराण्याच्या दोन पिशव्या, एकावर एक, वर घट्ट गाठ. आत काठावर ओलं फडकं घडी घालून ठेवलेलं. नखाने दाबून पाहिलं. मऊ होता.

डेसा आली, एप्रन बांधू लागली. त्याने वाडगा पुढे करून विचारलं, हे कुणी झाकलं.

“मी.”

“का?”

“का म्हणजे? अर्धवट उघडा पडला होता. बिस्किट झालं असतं त्याचं.”

“कुणाचा आहे ते माहीत होतं?”

“नाव कुठाय त्याच्यावर? मला वाटलं, कुणीतरी सोडून गेलं असेल.”

“मग कशाला झाकलास?”

डेसाने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं टपालावरचा चुकीचा पिनकोड पाहावा. “भांडं होतं म्हणून, ऑरिन. तुझा आहे का?”

“माझा.”

“मग नाव घाल की, बाबा.”

गेल्या आठवड्यात कुठे होतास, हे ती विचारेल म्हणून तो थांबला. तिने माती मळायला घेतली. मग त्यानेच आडून विचारलं, मागच्या वेळी काय शिकवलं. कपांना कान लावायला, ती म्हणाली, आणि आपला कान डुकराच्या कानासारखा झाल्याचं सविस्तर सांगितलं. तो हसला. त्यापुढे विषय गेला नाही.

ऑरिनने वाडगा उपडा ठेवला, मध्यावर आणला. चाक फिरवलं. पात्याखालून मातीची लांब, गार सालपटं निघत राहिली. नाव काढून टाकायचं होतं हे तासताना त्याच्या लक्षात आलं, पण तोवर तळाला कडं उमटलं होतं. चाक थांबवून त्याने सुई घेतली आणि कोरायला लागला. पूर्ण नाव. पूर्ण आडनाव. गोल फिरून जागा उरली, तिथे शहर.

मारिसेला भट्टीकडे जाताना मागे थांबली. “दोन अक्षरं पुरतात, मिस्टर हास्केल. ही थडग्यावरची पाटी नाहीये.”

तो म्हणाला, राहू दे. ती राहू देऊन पुढे गेली.

नऊला त्याने वाडगा वाळायच्या फळीवर ठेवला, हात धुतले, डेसाला गुड नाइट म्हटलं. ती कानात गाणी घालून स्पंज पिळत होती. तिने मान हलवली, ऐकून की गाण्याच्या तालावर, ते कळलं नाही. बसमध्ये त्याच्या शेजारची जागा हॉल्स्टेड स्ट्रीटवर शेवटपर्यंत रिकामी राहिली.

पाचव्या मंगळवारी सहा वाजून दहा मिनिटांनी, गुरुवारच्या वर्गातली एक मुलगी बुडालेला वर्ग भरून काढायला आली होती. ती ऑरिनच्या चाकावर बसायला लागली तेव्हा डेसाने “तिथे माणूस आहे” म्हणून तिला मागच्या, पॅडल अडकणाऱ्या चाकावर पाठवलं, आणि ऑरिनचं चाक नऊपर्यंत रिकामं होतं.