माझे खुबे आणि तिसरा मजला

मित्रांनो, मी एक लॅब्रॅडॉर कुत्रा आहे. जुना म्हणा, चालेल. म्हातारा मात्र म्हणू नका, कारण वय माझं सातच आहे. नाव ढब्बू. सिल्वासात डोकमर्डीला एका इमारतीच्या जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांशेजारी माझं अंथरूण आहे. घर म्हणाल तर ते वर, तिसऱ्या मजल्यावर. तिथे मी आता राहत नाही, आणि ते का, हेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म वापीतला. माझे मालक सदाशिव सर मूळचे कोकणातले, इथे सिल्वासाच्या शाळेत गणित शिकवतात. त्यांची मुलगी नोकरीला पुण्याला गेली आणि घर खायला उठलं, म्हणून त्यांच्या बायकोने, कुसुमकाकूंनी, कुत्र्याचा हट्ट धरला. पिल्लं विकणाऱ्याने मला मानगुटीला धरून वर उचललं आणि म्हणाला, "सर, आ लई जाव, सौथी जाडो छे." सगळ्यांत जाडा, म्हणून मी पसंत पडलो. माझ्या आईबापांचे पाय कसे आहेत, हे कोणी विचारलं नाही. असं काही विचारायचं असतं, हे सरांना माहीतच नव्हतं.

ते दिवस फार सुखाचे होते. काकू भाकरीवर तुपाची धार सोडायच्या आणि येणारे-जाणारे म्हणायचे, "काय अंग भरलंय हो तुमच्या ढब्बूचं." खाली सरांची स्कूटर वाजली की मी तीन मजले धडाधड उतरायचो. धावताना माझे मागचे दोन्ही पाय एकदम उचलले जायचे, सशासारखे. इमारतीतली मुलं टाळ्या पिटायची. दुखण्याची ती पहिली खूण होती, पण तेव्हा मलाही ती माझी ऐटच वाटायची.

दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं म्हणतात. माझं आलंच मुंगीच्या पावलाने, आणि जायचं नाव घेत नाही. आधी सकाळी उठताना कंबर आखडायची. मग घरातल्या गुळगुळीत लाद्यांवर मागचे पाय फाकायला लागले. सर म्हणाले, "माजलाय. व्यायाम नको त्याला." काकूंचं म्हणणं वेगळं होतं. "अहो, कमरेत ताकद नाही पोराच्या. बाळंतपणात मला डिंकाच्या लाडवांनीच उभं केलं होतं." झालं, रोज सकाळी मला डिंकाचा लाडू सुरू झाला. नको म्हणायला मी काही साधू नाही. लाडू पोटात गेले, वजन वाढलं आणि ते सगळं त्याच दुखऱ्या पायांवर आलं.

एका संध्याकाळी मी दुसऱ्या मजल्यावरच बसलो. सरांनी साखळी ओढली, रागावले, पुन्हा ओढली. मी त्यांच्यावर गुरगुरलो. आयुष्यात पहिल्यांदा. सरांचा चेहरा उतरला आणि मलाही फार वाईट वाटलं, पण कमरेतून अशी कळ गेली होती की माझा इलाज नव्हता.

प्राण्यांच्या डॉक्टर मृणालताईंनी एक्स-रे काढला आणि दिव्यापुढे धरला. "सर, हा माज नाही. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत घट्ट बसावा लागतो. याची वाटी जन्मापासून उथळ आहे. प्रत्येक पावलाला हाडावर हाड घासतं."

"बरा होईल ना?" सरांनी विचारलं.

"वाटी काही खोल होणार नाही. याच्या वयाला आणि वजनाला शस्त्रक्रिया आत्ता नको. वजन उतरवा, दुखणं आटोक्यात राहील. मऊ जमिनीवर थोडं थोडं चालवा, पाण्यात पोहू द्या. मी देते त्याच गोळ्या द्यायच्या. आपल्या अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याच्या जिवावर बेततात. आणि जिना कायमचा बंद."

काकू पदराशी चाळा करत म्हणाल्या, "लाडू मीच देत होते हो."

मला उचलून तीन मजले नेणं सरांना झेपणारं नव्हतं, इमारतीला लिफ्ट नव्हती, म्हणून मी खाली आलो. सरांनी डॉक्टरांचा शब्द पाळला. सकाळ-संध्याकाळ मातीच्या रस्त्याने हळूहळू फिरवणं, रविवारी दमणगंगेच्या संथ पाण्यात पोहणं, मापात खाणं, अंथरुणाखाली रबराची चटई. वजन उतरलं, सकाळची कळही कमी झाली. पण काकूंचे गुडघे गेलेले. त्यांच्याही डॉक्टरांनी त्यांना जिना उतरू नका सांगितलं होतं. त्या गॅलरीतून हाक मारायच्या, "ढब्बू, जेवलास का रे?" मी शेपूट हलवायचो. बाकी दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला बघायच्या. मित्रांनो, मला फार एकटं वाटायचं.

हळूहळू माझी अन्नावरची वासनाच उडाली. सरांना वाटलं, पथ्य मानवलं. वॉचमन भिका धुळ्याकडचा, माणूस चांगला. तो वर बघून सांगायचा, "काकू, मजेत बसेल आहे तो. तुम्ही नका काळजी करू." मी मजेत नव्हतो. एके दिवशी काकूंनी हाक मारली आणि मी मान वर केली नाही.

थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. काकू कठडा धरून, अंग तिरकं करून, एकेक पायरी उतरत होत्या. मागे सर. "अगं, तुला जिना वर्ज्य सांगितलाय ना?"

"त्याला सांगितलाय तितकाच," काकू म्हणाल्या आणि माझ्या चटईवर बसल्या. माझं डोकं मांडीवर घेतलं. माझी ताटली जवळ ओढून हाताने भरवलं. मी सगळं खाल्लं. कितीतरी दिवसांनी मला भूक लागली होती.

दिवेलागणीला त्या उठल्या. मीही उठलो आणि त्यांच्या मागे पहिल्या पायरीवर पाय ठेवला. काकू वळल्या. डोळे भरलेले होते, पण आवाज करडा होता. "नाही. तू नाही." मी पाय खाली घेतला. त्या कठडा धरून गेल्या आणि मी त्यांची पावलं शेवटपर्यंत ऐकत राहिलो.

आता त्या आठवड्यातून एकदा उतरतात. मित्रांनो, पिल्लू घ्याल तेव्हा त्याच्या आईबापांच्या खुब्यांची चौकशी करा. जाडेपणाचं कौतुक करू नका, आणि जो उठत नाही त्याला आळशी म्हणण्याआधी डॉक्टरांना दाखवा. एवढं केलंत की आमचं दुखणं आटोक्यात राहतं. पण आम्हाला वर येता येत नाही हो. तुम्हालाच खाली यावं लागतं.